तार, काठी आणि कडं

१

वर्षातून एकदा, एप्रिलात, तिकडचा उन्हाळा सरून धग ओसरली की, मेरिन पॅस्को आणि इव्हो बारिच ओरोरू गावापलीकडच्या माळावर जात आणि तिथे मनसोक्त भांडत. भांडणाचा विषय ठरलेला. पाठीवरच्या पिशवीत घालून कुठेही नेता येईल अशी रेडिओची अँटेना कोणती चांगली? मेरिनचा जीव तारेवर. दगड बांधून झाडावर फेकली की झालं. इव्होचा जीव त्याने स्वतः तांब्याची नळी वाकवून केलेल्या कड्यावर, जे टेबलावरसुद्धा मावायचं. तिसरी होती काठी. ओढली की लांब होणारी, तीन पायांच्या घोडीवर उभी राहणारी. ती त्यांच्या हौशी रेडिओ क्लबने विकत आणलेली, तिला वाली कोणी नव्हता. पण क्लबातले बाकीचे हौशी लोक तिचंच कौतुक करत, म्हणून तिलाही न्यावं लागे.

मुक्काम एका मेंढपाळ जमीनदाराच्या दगडी चाळीत. लोकर कातरायला टोळ्या येत तेव्हा त्या खोल्या भरत, एरवी ओस. लोखंडी खाटा, पत्र्याचं छप्पर, शेवटच्या खोलीत एक लांबलचक जेवणाचं टेबल. दारातून पाहिलं की पार क्षितिजापर्यंत करडं गवत आणि त्यात एकच मोठा निलगिरी, तोही चाळीच्या मागच्या अंगाला. फोनला रेंज नाही. मेरिनला ते आवडायचं. वर्षभर ती शाळेची बस चालवायची. कोणी हाक मारणार नाही अशी जागा तिला दुसरी माहीत नव्हती.

"यंदा तुझ्या तारेचं श्राद्ध घालणार मी," इव्हो कडं उतरवताना म्हणाला.

"गेल्या वर्षीही हेच बोलला होतास. मग भांडी कोणी घासली?"

हरणाऱ्याने भांडी घासायची, असा नियम होता.

२

भांडणाचा निकाल लावायला एक तिसरा माणूस लागे, आणि तो होता हेडली ट्रेंगोव्ह. खाली दक्षिणेला, समुद्रकाठी, पोर्ट लिंकनमध्ये राहणारा ऐंशी ओलांडलेला एकटा म्हातारा. सारं आयुष्य त्याने किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात जहाजांच्या हाका ऐकण्यात घालवलं होतं. वादळाच्या गोंगाटातून एखाद्या मच्छीमाराचा पुसट आवाज वेचून काढणारे कान. मेरिन आणि इव्होने इथून एकेक अँटेना जोडून बोलायचं, आणि हेडलीने तिथून गुण द्यायचे: बोलणं किती स्पष्ट त्याला पाचपैकी, आवाज किती जोरात त्याला नवापैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. हेडलीने हयातीत कोणाला पाच-नऊ दिले नव्हते. बाकीचे हौशी लोक शिष्टाचार म्हणून सर्रास देतात. हेडली म्हणायचा, "खोटं ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा."

मेरिनला रेडिओ त्यानेच शिकवला. तिचा नवरा गेला त्यानंतर दर रविवारी सकाळी तो तिला हाक मारायचा. सांत्वनाचा शब्द कधी काढला नाही. वाऱ्याची दिशा सांगायचा, भरती-ओहोटी सांगायचा, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबायचा. कित्येक रविवारी तिला अंथरुणातून उठवलं ते त्या थांबण्याने.

सकाळची न्याहारी आटोपून त्यांनी टेबलावर सेट मांडला. बॅटरी जोडली, खिडकीतून तार आणि काठीच्या वायरी आत घेतल्या, कडं टेबलाच्या टोकाला उभं केलं. ठरलेल्या वेळी मेरिनने तारेवरून हाक दिली.

"आलोय, पोरी," हेडली म्हणाला. "पाच-नऊ."

इव्होने चहाचा कप खाली ठेवला. "काय म्हणाला?"

"चेष्टा करतोय," मेरिन म्हणाली. तिने काठी जोडली. "हेडली, आता दुसरी. सांगा."

"पाच-नऊ."

कडं जोडलं.

"पाच-नऊ. सगळं छान ऐकू येतंय."

"म्हातारा मऊ पडला की काय," इव्हो हसत म्हणाला. मेरिन हसली नाही. हेडलीच्या आवाजामागे नेहमी त्याची खोली ऐकू यायची. भिंतीवरचं घड्याळ, जुन्या फ्रिजची घरघर, खुर्चीची करकर. आज आवाज अगदी जवळून येत होता, पण त्याच्यामागे खोली नव्हती.

३

मग इव्होचं लक्ष सेटवरच्या काट्याकडे गेलं. समोरून येणारा आवाज किती जोराचा, ते तो काटा दाखवतो. तारेवर तो चढतो, काठीवर थोडा खाली येतो, कड्यावर आणखी खाली. तसा तो पडायलाच हवा; त्या फरकासाठी तर हा सारा खटाटोप. पण हेडली बोलला की काटा एकाच जागी जाऊन उभा राहत होता. तारेवर तिथेच, काठीवर तिथेच, कड्यावरही तिथेच.

"अँटेना बदलायच्या पेटीतला स्विच बिघडलाय," इव्हो म्हणाला. "तिन्ही वायरी आत कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. म्हणून सगळं सारखं."

त्याने स्विचची पेटी बाजूला काढली आणि वायरी एकेक करून हाताने सेटला लावल्या. दुसऱ्या कुठल्याशा स्टेशनवर दोघं जण मासेमारीच्या गप्पा मारत होते; त्यांचा आवाज तारेवर खणखणीत, काठीवर बारीक, कड्यावर जेमतेम. म्हणजे अँटेना ठीक होत्या. त्याने बटण फिरवून परत हेडलीची जागा लावली.

"अजून आहात का, हेडली?"

"आहे ना."

काटा तिथेच.

इव्होने शेवटची वायरही काढली. अँटेना काढली की सेट मुका होतो. सतत चालणारी ती खरखर एकदम बंद पडते आणि खोली मोकळी वाटते. तशी खरखर बंद पडली. उन्हाने तापलेल्या पत्र्याचा कडकड आवाज आला, लांब कुठेतरी कावळे. सेटच्या पाठीवरचं पितळी भोक उघडं होतं, त्यात काही नव्हतं.

"आता आणखी छान," हेडली त्या शांततेत म्हणाला. "पाच-नऊ, पोरी."

इव्होने हातातली वायर अगदी हळू टेबलावर ठेवली, झोपलेल्या माणसाशेजारी ठेवावी तशी.

४

"एवढी शक्ती वापरतोय की नुसत्या सेटच्या तारांत घुसतोय," तो म्हणाला. "काहीतरी राक्षसी यंत्र लावलंय त्याने."

"लिंकनहून? मध्ये अख्खं आखात आहे, इव्हो."

"मग तू सांग काय ते!"

तिने तार परत जोडली आणि माइक उचलला. "हेडली, तुम्ही कुठे बसलाय?"

हेडलीने जरा आठवून पाहिलं. मग, "बसलोय ना? बसलोच असेन." आणखी थोड्या वेळाने, "इथे गार आहे."

तेवढ्यात खरखरीतून तिसराच आवाज वर आला. "माफ करा मंडळी, मध्ये तोंड घालतोय. मिल्ड्युराहून लाइल. मघापासून ऐकतोय तुम्हांला. बाई, तुम्ही बोलताय कोणाशी?"

"पोर्ट लिंकनशी. तुम्हांला ऐकू येत नाही?"

"तुमचा आवाज सुरेख येतोय. पण तुम्ही विचारता आणि मग नुसती शांतता. म्हटलं, बाईंना सांगावं, पलीकडे कोणी नाहीये."

इव्होने माइक तिच्या हातातून घेतला. "तुमच्या बाजूला लिंकन पोचत नसेल. होतं असं कधी कधी."

"होतं खरं. पण लिंकनचाच एक जण थोड्या वेळापूर्वी माझ्याशी बोलून गेला. अगदी शेजारी बसल्यासारखा येत होता." लाइल घुटमळला. "सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?"

इव्हो काहीतरी बोलणार होता. मेरिनने त्याच्या मनगटाला धरलं. ऊन लागलं, चहा कडक झाला, दोघांचे कान वाजतायत, सेट खराब आहे. एकेक कारण तिने मनात पुढे केलं आणि एकेक मागे घेतलं. मग तिने ठरवलं की वेडी ठरले तर ठरले.

"लाइल, तुमच्याकडे फोन आहे? एक नंबर सांगते. लावून बघाल?"

५

लाइल भला माणूस होता. त्याने 'का' म्हणून विचारलं नाही.

"वाजतोय," तो परत येऊन म्हणाला. "वाजतोच आहे. उचलत नाही कोणी. आत्ताही वाजतोय, कानाला लावलाय मी."

"हेडली," मेरिन म्हणाली, "तुमचा फोन वाजतोय. ऐकू येतोय?"

"इथे काही वाजत नाही, पोरी."

"त्याचा फोन त्या खोलीतच आहे," ती इव्होला म्हणाली. "सेटच्या शेजारी. हाताच्या अंतरावर." तिचा आवाज तिला स्वतःला परका वाटला. "तो त्या खोलीत नाहीये."

"मग बोलतोय कुठून?"

त्याचं उत्तर दोघांनाही नको होतं. इव्होने हात पुढे केला, बॅटरीकडे. "एकदा वीजच काढून बघतो. म्हणजे कळेल तरी."

"हात लावू नकोस!"

"अगं, नुसतं तपासायला..."

"आणि बंद पडला तर? परत चालू केल्यावर तो नसला तर? इव्हो, तुला सांगते, ती बॅटरी काढलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही."

इव्होने हात मागे घेतला. चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, पण त्याचं नाक पांढरं पडलं होतं.

मेरिनने लाइलला हेडलीचा पत्ता दिला, शेजारच्या झोर्काबाईंचं नाव दिलं, रुग्णवाहिका पाठवायला सांगितलं. "पडला असेल," ती म्हणाली. "कुठेतरी पडला असेल." लाइल 'लावतो' म्हणाला, आणि त्याच वेळी माळावरून वाऱ्याचा एक झोत आला, मागे काहीतरी काडकन मोडलं आणि लाइलचा आवाज विझत गेला.

"तार," इव्हो म्हणाला. "फांदी मोडली. आलोच मी, परत चढवतो." दारात तो थबकला. "एकटी बसशील?"

"जा तू. लवकर."

६

तुटलेली तार तिने सेटपासून काढून टाकली. खरखर थांबली. आता टेबलावर फक्त सेट, त्याचा हिरवा दिवा आणि ती.

"पोरी," हेडली म्हणाला, "दारात कोणी उभं आहे. तूच ना?"

"नाही हो. मी ओरोरूला आहे. माळावर."

"मग कोण?"

त्याचं दार तिला इथून दिसणं शक्य नव्हतं, म्हणून तिची नजर तिच्या खोलीच्या दाराकडे गेली. उघड्या दारातून उन्हाचा लांबट चौकोन सिमेंटच्या जमिनीवर पडला होता, आणि त्या चौकोनात एक सावली उभी होती. एक खांदा चौकटीला टेकलेला. काही घाई नसलेल्या, वाट बघायची सवय असलेल्या माणसाची असावी तशी.

इव्हो, तिने मनात म्हटलं. आणि त्याच क्षणी चाळीच्या मागून, झाडाखालून, इव्होच्या क्रोएशियन शिव्या ऐकू आल्या.

दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यावर ऊन होतं, पलीकडे गवत होतं. सावली तेवढी आत होती, टेबलाच्या पायापर्यंत पोचलेली.

"तो विचारतोय, झालं का म्हणून," हेडली म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, आणि तेच तिला सोसवेना. पाहुण्याला ताटकळत ठेवल्याचा संकोच होता फक्त.

"त्याला सांगा, नाही झालं." तिने सावलीकडे पाठ केली. मानेवर थंडी चढत होती. "आपली चाचणी अर्धवट आहे. तुमचा शब्द आहे, हेडली. इव्होचं कडं राहिलंय."

"ते झालं ना. पाच-नऊ."

"खोटं सांगताय तुम्ही! तुम्ही? मला?" ती ओरडली. "नीट ऐका. ऐकून सांगा."

ओरडून झाल्यावर तिचं लक्ष गेलं: माइक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. लाइलशी बोलून तिने ठेवला होता तिथेच. ती मघापासून बटण न दाबताच बोलत होती आणि तो उत्तरं देत होता.

तिने माइक उचलला नाही. कड्याची वायर सेटला लावली. पेच पटकन बसेना. बसला. खरखर सुरू झाली. तिने कडं दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवलं, जसं इव्हो फिरवायचा. "आता सांगा. किती?"

खरखर.

"किती, हेडली?"

"चार..." तो म्हणाला. आवाज दूर गेला होता. "चार-पाच. नाही, तेवढाही नाही. खरखर फार आहे गं. नीट बोल जरा."

काटा खाली आला होता. हेडलीच्या आवाजावर तो सकाळपासून पहिल्यांदाच हलला होता.

"मी बोलतेय. इकडेच ऐका. वारा कुठला आहे तुमच्याकडे? भरती की ओहोटी? हेडली, वारा सांगा मला!"

"तीन-तीन," तो पुटपुटला. "पाय दुखतोय माझा. बाई गं, केवढा दुखतोय. काही कळत नाही तू काय म्हणतेस ते..."

काटा तळाला टेकला. मग नुसती खरखर, समुद्रासारखी. ती हाका मारत राहिली, आधी नुसती, मग बटण दाबून. पलीकडून काही आलं नाही. आपल्या हातातून निसटला तो, तिला वाटलं. आपणच जागं करून त्याला सोडून दिलं. ती टेबलावर डोकं टेकून बसली. दाराकडे बघायचं धाडस झालं तेव्हा जमिनीवर साधं ऊन होतं, त्यात एक मुंगी काहीतरी ओढत नेत होती.

७

इव्हो धापा टाकत आत आला, खांद्यावर पाचोळा, हातात वायरीचं टोक. तिचा चेहरा बघून तो थेट सेटकडे गेला. वायर जोडली. लाइल तिथेच होता, घसा बसेपर्यंत त्यांना हाका मारत.

"सापडले!" तो म्हणत होता. "ऐकताय का कोणी? सापडले म्हातारबाबा! जिवंत आहेत. ऐकताय का? जिवंत आहेत!"

इव्हो खुर्ची ओढून बसला. मेरिनला माइक धरता येईना, म्हणून त्याने धरला, आणि त्यालाही बोलता येईना. शेवटी लाइलच म्हणाला, "असू दे, असू दे. आवरा दोघं. मी थांबलोय."

बाकीचं त्यांना दुसऱ्या दिवशी पोर्ट लिंकनच्या रुग्णालयात झोर्काबाईंकडून कळलं. चाचणीच्या आदल्या रात्री विजा कडाडल्या होत्या, म्हणून हेडलीने सेट बंद करून वर कापड टाकलं होतं आणि अँटेनाची वायर भिंतीबाहेरून काढून ठेवली होती. सकाळी ती परत जोडायला, यांना दिलेल्या शब्दासाठी, तो शिडीवर चढला आणि पावसाच्या पाण्याची टाकी आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत पडला. खुब्याचं हाड मोडलं. ओल्या सावलीत अंग गार पडत गेलं होतं.

"मी गेले तेव्हा मला वाटलं, संपलं," झोर्काबाई म्हणाल्या. "ना हूं ना चूं. हात लावला तर बर्फ. आणि मग एकदम पाय दुखतो म्हणून बोंब ठोकली त्याने. एवढी बोंब! मी रडले बाई आनंदाने. डॉक्टर म्हणाले, दुखतंय तोवर चिंता नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याचा सेट मी पाहिला नंतर. कापड तसंच होतं वर. मग तुम्हांला कळलं कसं गं?"

"फोन उचलला नाही ना," मेरिन म्हणाली. "म्हणून काळजी वाटली."

येताना गाडीत ती आणि इव्हो या विषयावर एक शब्दही बोलले नव्हते. वाटेत थांबून त्यांनी खिमा भरलेले पॅटिस खाल्ले होते, मेरिनने तर दोन. मग ती हसत सुटली आणि रडत सुटली, आणि इव्होने खिडकीची काच खाली करून वारा आत घेतला.

हेडली उशांवर टेकून बसला होता. चेहरा कागदासारखा, पण दाढी केलेली. आधी त्याने नर्सच्या चहाला नावं ठेवली, मग बिछान्याला.

"तुमचा दिवस बुडवला मी," तो म्हणाला. "शिडीवर चढलो एवढं आठवतंय. मग झोर्काचं थोबाड. मधलं काही नाही."

"काहीच नाही?" इव्होने विचारलं. तो पुढे वाकला. मेरिनने खाटेखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला आणि दाबला. इव्हो मागे सरकला. "बरंय," तो म्हणाला. "मधलं काय करायचंय आठवून."

खिडकीतून धक्क्यावरच्या टुना मासे पकडायच्या होड्या दिसत होत्या. एक बाहेर निघाली होती, तिच्यामागे पक्ष्यांचा थवा. हेडलीने ती कोणाची ते सांगितलं, तिच्या मालकाच्या बापाला तो कसा ओळखायचा ते सांगायला लागला आणि वाक्याच्या मध्येच त्याला झोप लागली. झोपेत त्याच्या बोटांनी मेरिनच्या स्वेटरची बाही पकडली होती. कोणत्याही म्हाताऱ्याची असते तशी पकड. जरा घट्ट, जरा थरथरणारी, ऊबदार.

इव्हो कॉफी आणायला गेला. मेरिन खुर्ची न हलवता बसून राहिली. हात अवघडला होता, पण तो तिने सोडवला नाही. हेडली घोरत होता, आणि ते घोरणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.